जावाच्या परीक्षेत घेतलेलं नाव

...अडाणी पायजे होती वो त्यायले, अडाणी! अन् तेबी साधीसुधी नाई, खात्रीची अडाणी! तुमी हसून राह्यल्या, पण मले सांगा, आजकालच्या जमान्यात अडाणी माणूस सापडणं सोपं हाये का? आमच्या उटनूरच्या कॉलनीत घरटी एक मास्तर नाईतर क्लार्क, पोरायचं तं विचारूच नका, गोटा फेकला तं बी.टेक.ले लागते. अन् हे कॉलेजवाले म्हणतेत, पोरीच्या जागी टायपाले जो माणूस बसवसान त्याले कॉम्प्युटरमधलं काई म्हणजे काई येत नाई पायजे! आमच्या यायनं आधी शेजारच्या कुसुमबाईचा पंकज पाह्यला, तो निंघाला डिप्लोमावाला. मंग मारोतरावची सून पाह्यली, तिनं म्हणे लग्नाआधी कोर्स केला होता. नापास! शिकली म्हणून नापास, असं कधी आयकलं का तुमी? शेवटी बाप-लेकीनं दोघायनं एकदमच माह्याकडे पाह्यलं. मी भाकर थापून राह्यली होती. त्या नजरेचा अर्थ मले काय समजत नाई? चौथीत शाळा सुटली म्हणून डोळेबी चौथीतच थांबले का?

"आई," पोरगी म्हणते, "तूच पायजे. तुह्याएवढं कोणालेच काई येत नाई."

घ्या! लेकीच्या तोंडून जलमात पयल्यांदा तारीफ, तं तेबी अशी!

पण करता काय? पोरगी आमची, अर्पिता, आदिलाबादच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाले. हैदराबादच्या कंपनीनं तिले निवडून ठेवलेलं, फक्त एकच जावाची प्रॅक्टिकल बाकी. ते पास करा अन् सर्टिफिकेट घेऊन या, नाईतर जागा दुसऱ्याले. अन् त्याच्या तोंडावर बाई स्कुटीवरून पडल्या! कशा पडल्या? तं म्हशीले वाचवाले गेल्या. म्हैस वाचली. पोरीचा उजवा हात पिलास्टरात, डाव्या हाताच्या बोटायले पट्ट्या, जेवणबी मी भरवून राह्यली. म्हैस मजेत हाये. रोज आमच्याच दारावरून जाते, माह्याकडे पाहातबी नाई!

आता जावा म्हटलं का तुमी लगेच म्हणसान, "कोणती जाऊ वो, मोठी का लायनी?" ते मसकरी सगळ्या कॉलनीनं करून झाली, आता बस करा. हे जावा म्हणजे मशीनची बोली. मशीनले काम सांगायचं असलं तं त्या बोलीत सांगा लागते. अन् सांगायचं कुठं? मोबाइलमध्ये कसं, रंगीत रंगीत चौकोन असतेत, बोट लावलं का उघडलं. परीक्षेत तसं चालत नाई. परीक्षेत काळी पाटी! नुसती काळी पाटी, अन् तिच्यात एक पांढरी रेघ, लुकलुक, लुकलुक... जशी सासू दारात कमरेवर हात ठेवून उभी राह्यते, तोंडानं बोलत नाई पण इचारून राह्यते, "हं, बोल, कायले आली?" तिले सगळं अक्षरा-अक्षरानं लिहून सांगा. जरा इकडचं तिकडं झालं का बसली फुगून!

एवढा नखरा नवरदेवाचाबी नसते, तुमाले सांगतो!

घरी सराव सुरू झाला. जुना लॅपटॉप, त्याचं झाकण उघडताना किरकिर करते, आमच्या गेटासारखं. ए बी सी डी मले येत होती, बसच्या पाट्या वाचतो ना मी, पण त्या मशीनवर ए च्या बाजूले बी नाई वो! ए च्या बाजूले एस! बी कुठं, तं खाली, व्ही अन् एन च्या मधात दबून बसलेला. ज्यानं हे अक्षरं लावले त्यानं पोतं झटकून लावले का? मी एकेक अक्षर असं हुडको, जसं तांदळात खडे. अन् मोठ्या मेहनतीनं मी पयला हुकूम लिहिला, जे-ए-व्ही-ए-सी, जावासी. देल्लं एंटर. तं त्यानं इंग्रजीत लंबंचवडं काईतरी सुनावलं.

"काय म्हणते वं हा?"

"आई, तो म्हणते, जावासी कोण? मी नाई ओळखत."

"नाई ओळखत? अवं, त्याच्याच घरात राह्यते ना ते?"

"राह्यते, पण कोणत्या खोलीत राह्यते ते त्याले सांगा लागते. पाथ लावा लागते."

म्हणजे पाहा! आपल्याच घरातल्या माणसाचा पत्ता पावण्यानं येऊन सांगायचा! आमच्याकडे सोयरीक पायले आलेले लोकंबी असे वागले नवते, त्यायले निदान आपल्या पोराचं नाव-गाव तरी माहीत होतं. लावला बापा पाथ. मंग ओळखलं त्यानं.

मंग समजलं का हे काम दोन खेपेत होते. आधी जावासी म्हणायचं, म्हणजे तो तुमी लिहिलेलं सगळं निवडून पाहाते, खडे-माती काढते. हे झालं कंपाइल. मंग नुसतं जावा म्हणायचं, तवा कुठं तो चालाले लागते. अन् मेख काय? पयल्या खेपेले नावाच्या मागं डॉट जावा अशी शेपटी लावायची, दुसऱ्या खेपेले शेपटी काढून घ्यायची. आमच्या जुन्या डब्यावर शेपटी राह्यली तं फुगे, नाई लावली तं फुगे. सरावाले आमी उटनूर नावाचा प्रोग्राम केला होता. जावासी उटनूर डॉट जावा. जावा उटनूर. मी पोळ्या लाटताना म्हणो, धुणं धुताना म्हणो. हे हापिसातून आले का इचारत, "काय चाललं, सखू?" मी म्हणो, "जावा उटनूर." हे म्हणत, "आताच तं आलो!"

अन् ओळीच्या शेवटी टिकली! वर टिकली, खाली शेपूट, तं प्रत्येक ओळीले लावा. एक राह्यली तं लाल-पिवळा. अन् कौंस! वर एक कौंस उघडा राह्यला तं बोंब मारते शेवटच्या ओळीत! अरे, चूक जिथं झाली तिथं सांग ना! सासूबाई माह्या अशाच होत्या, भाजीत मीठ कमी पडे सकाळी, अन् बोलत रातच्याले, तेबी माह्या माहेरावरून सुरू करून. पण एक सांगतो, खोटं नाई बोलणार... हळूहळू मले त्याचा लळा लागला. सगळ्या ओळी बरोबर लागल्या अन् त्या काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात "Utnoor" उमटलं ना, तं मी पोरीच्या पिलास्टरावरच टाळी देल्ली. पोरगी वरडली. मीबी वरडली. हे धावत आले.

तं परीक्षेचा दिवस. आमी तिघं पयल्या बसनं आदिलाबादले. यायनं सुटी टाकली, पाण्याची बाटली, डबा, पोरीच्या गोळ्या, सगळं गळ्यात अडकवून आले, अन् कॉलेजवाल्यानं यायले लॅबच्या बाहेर, खिडकीपाशी बाकड्यावर बसवलं. आत मी अन् पोरगी. बाहेरून आलेले एक मोठे सर, तेलुगूवाले, चष्मा कपाळावर. अन् कॉलेजच्या नीलिमा मॅडम, आपल्याच इकडच्या, बोलाले गोड. सरांनी मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

"अम्मा, कितना पढ़े?"

"चौथी."

"कंप्यूटर आता?"

"बिलकुल नाई आता!" मी असं ठणकावून सांगितलं का सगळी लॅब माह्याकडे पाहाले लागली. जलमात कोणत्या बाईनं आपलं अडाणीपण एवढ्या रुबाबात सांगितलं असंल? सर खूष! मंग त्यायनं कायदा सांगितला. पोरीनं सांगायचं, मी टायपायचं. अन् जे टायपलं ते मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे मायनं आपल्या मनचं काई घुसडलं नाई हे समजलं पायजे. मी म्हटलं, घुसडाले माह्या मनात काई असलं तं घुसडीन ना!

चिठ्ठी आली. एका कामकरी माणसाची माहिती घ्या अन् पाटीवर छापून दाखवा. पोरगी हळूच म्हणते, "आई, बाबाच्या नावानं क्लास करू. बाबाच्या नावाचा प्रोग्राम आजपर्यंत अटकला नाई." पोरीचा पयल्या वर्षापासूनचा नेम हाये म्हणे हा! मले तवाच समजाले पायजे होतं. पण मी तं ए कुठं अन् एस कुठं याच्यात बुडेल. पोरगी सांगे, "मोठा के. एच. यू. एस. एच. ए. एल." मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून टायपत गेली. सुट्या अक्षरात नवरा दिसत नसते वो! तुरीचे दाणे सुटे सुटे पाह्यले तं वरण दिसते का? सगळं टायपून झालं, टिकल्या लागल्या, कौंस मिटले, मी मान मागं घेऊन पाह्यलं... अन् हाय माय! पाटीवर हे! चार-चार जागी हे! मोठ्या के नं!

तेवढ्यात सरांनी पोरीले आपल्या टेबलापाशी बोलावलं, तोंडी प्रश्न इचाराले. जाता जाता पोरगी म्हणते, "आई, फाइल त्याच नावानं सेव्ह कर, अन् कंपाइल कर. उटनूरसारखंच." गेली. मी बोट उचललं, "मोठा के, एच..." तं नीलिमा मॅडम म्हणतेत, "काकू, फाइलच्या नावाला आणि कमांडला सुटे अक्षरं नको. सरांना समजत नाही. पूर्ण शब्द म्हणा."

पूर्ण शब्द!

आता तुमाले माहीत हाये, मी कोणाले भेणारी बाई नाई. बाजारात त्या काट्यात दगड ठेवणाऱ्याले मी भर चौकात काटा उलटा कराले लावला होता. पण यायचं नाव? लग्न झालं तवापासून ते नाव मी फक्त उखाण्यात घेतलं, तेबी बाया दार अडवून उभ्या राह्यल्या तवा. कुठं हापिसात इचारलं, "शौहर का नाम?" तं मी आधार कार्ड काढून त्यायच्या नाकापुढं धरतो, वाचा म्हणतो. हे लग्नापासून सांगून राह्यले, "सखू, आपले लोकं शिकले-सवरले, नवरा-बायको बरोबरीचे, मी तुले नावानं बोलावतो, तूबी मले बोलाव ना एकदा." किती गोड बोलून पाह्यलं, रुसून पाह्यलं. पटते वो मले! डोक्याले पटते! पण नाव व्हटापाशी आलं का जीभ आडवी पडते, बैलावानी. आता जे घरात चार भिंतीत नाई जमलं, ते भर लॅबात, परक्या सरापुढं, अन् हे खिडकीच्या बाहेर बाकड्यावर बसले असताना?

मंग मी माह्या अकलेनं रस्ता काढला. पोरीचं नाव मले इंग्रजीत लिहिता येते. बाबाबी येते. मी मोठ्यानं म्हटलं, "अर्पिताबाबा डॉट जावा!" अन् त्याच नावानं करून टाकलं सेव्ह. काय चुकलं सांगा! सगळं उटनूर मले अर्पिताची आई म्हणते, यायले अर्पिताचा बाबा म्हणते. पोस्टमन म्हणते, किराणावाला म्हणते, माणूस तोच ना? जावासी अर्पिताबाबा डॉट जावा. देल्लं एंटर ठोकून!

अन् तो डबा म्हणे, नाई! त्यानं ओळ फेकली तोंडावर.

एवढा नखरा नवरदेवाचाबी नसते, तुमाले सांगतो!

मी मॅडमकडे पाह्यलं, त्या छताकडे पाहाले लागल्या, सांगायची मनाई ना त्यायले. तेवढ्यात पोरगी परत आली, पाटी पाह्यली अन् पांढरीफटक झाली.

"आई! हे कोण अर्पिताबाबा?"

"तुहा बाप!"

"अवं, आत नाव काय हाये? तेच नाव बाहेर पायजे! जो क्लास आत, तेच नाव फाइलले, नाईतर तो घेत नाई!"

"आतलं काढून टाक मंग!"

"चार जागी हाये आई, तुह्यानं होईपर्यंत वेळ जाईन! बाहेरचं एक बदल फक्त. नाव टाक बाबाचं!"

"मी नाई टाकत."

"आई!"

"तू सांग अक्षरं."

"अक्षरं चालत नाई म्हणून राह्यल्या ना मॅडम!"

अन् तिकून सर घड्याळ पाहून, "तोंदरगा अम्मा, तोंदरगा!" म्हणजे लवकर करा. आजूबाजूचे पोरं-पोरी आपले कागद गोळा करून उठून राह्यले. पोरीनं माह्याकडे पाह्यलं... एक हात गळ्यात, दुसऱ्याच्या बोटायले पट्ट्या, डोळे भरून आलेले, आपलं नाक पुसाचीबी सोय नाई. मी पदरानं तिचं नाक पुसलं. म्हटलं, सखू, लेकरू तिकडं हैदराबादले जाईन का इथंच राहीन, ते तुह्या जिभेवर अटकलं हाये. इतके वर्सं सांभाळलेल्या जिभेचं काय लोणचं घालाचं हाये का?

पण मंग नुसतं तं घेता येत नाई ना नाव! नुसतं नाव घ्यायची मले सवयच नाई! मी पदर सावरला, उभी राह्यली, लॅबात असा आवाज लावला का पंखे थांबले असतीन,

"काळ्या पाटीवर लावली पांढऱ्या अक्षरांची रांग,
खुशालरावांचं नाव घेते, डब्या, आता तरी सांग!"

 मंग मागून एका पोरीनं टाळी वाजवली, अन् सगळेच वाजवाले लागले. सर म्हणतेत, "ये क्या है? ये कौन सा कमांड है?" नीलिमा मॅडम पदर तोंडाले लावून हसून राह्यल्या, म्हणतेत, "सर, फाइल का नाम बोल रहे." मी बसून टायपलं, खुशालराव... तं पोरगी किंचाळली, "राव नको! राव नको आई! नुसतं खुशाल!"

"एकेरीत?"

"एकेरीत!"

"अवं, राव राह्यलं तं काय बिघडते त्याचं?"

"नाई घेत तो!"

खोडलं बापा राव. माह्या हातानं. के तेवढा मोठा ठेवला, तेवढाच मान. केलं सेव्ह. जावासी खुशाल डॉट जावा. एंटर.

अन् काईच नाई झालं.

बाया हो, काईच नाई! त्या डब्यानं हूं नाई केलं का चूं नाई केलं! आता तरी सांग, म्हणून उखाण्यात हात जोडले, तं नुसती खालच्या ओळीवर जाऊन रेघ लुकलुक करत उभी! मी म्हटलं, गेलं, नावबी गेलं अन् परीक्षाबी गेली. पण पोरगी नाचून राह्यली! म्हणते, "आई, चूक नसली का तो बोलतच नाई! चूप बसला म्हणजे झालं!"

म्हणजे चुकलं तं बोंब, अन् बरोबर असलं तं तोंडातून शब्द नाई! एवढा नखरा नवरदेवाचाबी... जाऊ द्या. याच्यात तं नवरदेवबी तसेच असतेत.

"आता चालव आई. बिनशेपटीचं. बोल."

पुन्हा! दुसऱ्यांदा! आता दुसरा उखाणा कुठून आणू ऐन वक्तावर? अन् सर उठून आमच्याकडेच येऊन राह्यले. मी डोळे मिटले अन् जलमात पयल्यांदा, बिनउखाण्याचं, बिनरावाचं, गल्लीत पोराले हाक मारतेत तशी वरडली, "जावा! खुशाल!"

टायपून एंटर ठोकलं, अन् धाडकन दार उघडलं, अन् हे आत!

गळ्यात बाटली, हातात डबा, एका पायात चप्पल, तोंड उतरलेलं. "काय झालं? सखू, काय झालं? अर्पिता पडली का?" बिचाऱ्याले वाटलं, हिनं मले नावानं हाक मारली म्हणजे आतमध्ये काईतरी भयानक घडलं असंल! बाकड्यावरून जे उठले, ते दारावरच्या शिपायाले ढकलून आले. सर म्हणतेत, "ये कौन?" पोरगी म्हणते, "सर, ये... यही प्रोग्राम है." अन् हे कुठं आयकतेत? हे उभेच राह्यले, पाटीकडे पाहात. मंग मीबी पाह्यलं. उमटलं होतं.

Naav: Khushal
Gaav: Utnoor
Kaam: Clerk
Bayko: Sakhu

शेवटची ओळ चिठ्ठीत मागितली नवती म्हणे. पोरीनं आपल्या मनानं घातली, माह्याच हातानं, अक्षरा-अक्षरानं, अन् मले पत्ता नाई! सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, वाचलं, यायच्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् कागदावर सही ठोकली. म्हणतेत, "आउटपुट करेक्ट है."

पास झाली पोरगी. हात मोकळे झाले, हैदराबादले गेली, आता तिकडं दिवसभर तीच काळी पाटी अन् तीच लुकलुक. फोनवर म्हणते, "आई, इथं चूक झाली का मी तुह्यासारखीच त्याले शिव्या देतो, मंग तो आयकते." मी म्हटलं, देत जा, त्याले मायेची भाषा तेवढीच समजते.

अन् घरात राह्यलो दोघं. माह्या जिभेचं तं दार एकदाचं उघडलं ते उघडलंच, आता मी हाक मारतो नावानं, त्यात काय एवढं! एक दिवस भाकरी झाल्या, ताट वाढलं, म्हटलं, "अवो खुशालराव, जेवाले या!" हे अंगणात खुर्चीवर, पेपर तोंडापुढं. हालले नाई. पुन्हा हाक मारली. नाई. आणखी मारली. शेवटी कुसुमबाई कुंपणावरून म्हणते, "सखूबाई, भाऊले आदिलाबादले नेऊन कान दाखवा वो, साफ बहिरे झाले!" मी तरातरा गेली, पेपर खाली वढला, तं पेपराच्या मागं हे गालातल्या गालात हसून राह्यले! म्हणतेत कसे, "ऐकू नाई आलं, सखू. पुन्हा एकदा म्हण ना."

आता बोला! या वयात! म्हटलं मी पुन्हा. काय करता? तवापासून रोज हेच चालू हाये, अन् आमच्या घरात गरम भाकर कोणी खाल्ली नाई.